बदरुद्दीनचा कच्चा टाका

जुन्नरच्या बाजारपेठेतून मी शिकवत असे त्या शाळेकडे वळताना कोपऱ्यावर बदरुद्दीन तय्यब यांचे खोगिरांचे दुकान होते. दुकान म्हणजे घराचाच पुढचा ओटा. उन्हासाठी पोत्याचा पडदा, आत भिंतीला टांगलेले लगाम, टांग्याच्या घोड्यांचे पट्टे, आणि सगळीकडे कमावलेल्या चामड्याचा नि मेणाचा वास. माणूस उंच, किरकोळ, वर्षानुवर्षे वाकून शिवल्यामुळे एक खांदा उतरलेला. शिवताना दोऱ्याचे टोक ते दातांत धरत, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या बहुतेक प्रश्नांना उत्तर मिळे ते नुसत्या हुंकाराने. त्यांची बायको रहिमाबी आतून म्हणायची, यांना जीभ दिली ती दोरा ओला करायला.

हा माणूस कोणाशी मुद्दाम वाईट वागला, असे मला आठवत नाही. तरी त्यांच्या आयुष्याची शेवटची वर्षे ज्या ओझ्याखाली गेली, ते त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेले होते. पुष्कळ वर्षे हे मला माहीत नव्हते. बोरीच्या धोंडाबाई गेल्यानंतर त्यांच्या मुलाने, सयाजीने, मला ते सांगितले आणि आता लिहायला हरकत नाही असेही सांगितले. म्हणून लिहितो.

बदरुद्दीन लहान असताना त्यांचे वडील, तय्यबमियाँ, ओतूरच्या बाजाराहून घोड्यावरून परतत होते. मुलगा मागून दुसऱ्या तट्टावर. ओढ्याशी घोडा बुजला, तय्यबमियाँ पडले, पण पाय रिकिबीच्या कड्यात अडकला. घोडा थांबेना. वडिलांना फरपटत जाताना मुलाने डोळ्यांनी पाहिले; ते त्यातच गेले. पुढे बदरुद्दीन स्वतः खोगिरे शिवू लागले तेव्हा त्यांनी एक रीत धरली. रिकिबीचा पट्टा खोगिराला जोडतात तिथे सगळे पक्की शिवण घालतात. हे मात्र तिथे कच्चा टाका घालत. साधा सुती दोरा, मोजका पीळ. स्वार चढला-उतरला, पायावर जोर देऊन उभा राहिला तरी तो टिके. पण पडलेल्या माणसाच्या अंगाचा हिसका बसला की सुटे. रोजच्या ओढीला टिकावा आणि जिवावरच्या ओढीला सुटावा असा तो टाका होता. तो किती घट्ट घालायचा हे त्यांच्या बोटांनाच ठाऊक. या टाक्याशिवाय एकही खोगीर त्यांच्या ओट्यावरून खाली उतरले नाही.

आमच्या भागात जत्रेला घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या वाटेवर, बैलगाडे सुटतात आणि बैलांच्या पुढे एक स्वार घोडी पळवत जातो. बोरी बुद्रुकचा सयाजी हा असा घोडीस्वार होता. धोंडाबाईंचा एकुलता एक. बाप लवकर गेलेला. धोंडाबाईंनी शेत राखून त्याला वाढवले होते आणि तो घोडीवर बसला की त्या घाटाकडे पाठ करून बसत. एका जत्रेत घोडीचा पाय घसरला, सयाजी पडला, रिकिबीत पाय तसाच. मागून चार बैल येत होते. लोकांनी डोळे मिटले. पण रिकीब खोगिरापासून सुटून आली आणि सयाजी गडगडत बाजूला पडला. दुसऱ्या दिवशी धोंडाबाई जुन्नरला येऊन रहिमाबीच्या ओटीत चोळीचा खण घालून गेल्या. त्या दिवसापासून सयाजी बदरुद्दीनना चाचा म्हणू लागला आणि ओट्यावर येऊन बसू लागला. बदरुद्दीनना मूलबाळ नव्हते. सयाजी आला की दोऱ्याचे टोक तोंडातून बाहेर येई, हे रहिमाबीने माझ्या बायकोला सांगितले होते.

चोपन्न-पंचावन्नच्या सुमारास नारायणगावला हौशीरामने मोटारदुरुस्तीचे गॅरेज काढले. महायुद्धात तो लष्कराच्या गाड्यांवर काम करत होता. त्याने लिलावातली एक जुनी जीप आणली, तिचे टप, मागची बाके, जे जे निघेल ते काढून टाकले आणि ती शर्यतीला न्यायचे ठरवले. पुण्यापलीकडे लढाईच्या दिवसांत विमानांसाठी केलेली एक धावपट्टी पडून होती. तिथे हौशी लोक मोटारी पळवत. वळणावर तेलाची पिंपे ठेवायची, त्यांना वळसा घालून यायचे. चालवायला सयाजी. हौशीरामचे म्हणणे असे की जो घोडी पळवतो त्याला चाक धरायला शिकवता येते, पण चाक धरणाऱ्याला छाती कुठून द्यायची?

पहिल्याच सरावाला सयाजी वळणावर जीपमधून अर्धा बाहेर आला. लष्कराची ती सपाट गादी, बाजूला दार नाही, गाडी डावीकडे वळली की माणूस उजवीकडे घसरणार. चाकाला लोंबकळून तो कसाबसा आत राहिला. हौशीराम त्याला घेऊन थेट बदरुद्दीनच्या ओट्यावर आला. म्हणाला, खोगिरात जसा स्वार बसतो तशी बैठक पाहिजे. माणूस हलता कामा नये.

बदरुद्दीनना हे काम फार आवडले. घोड्याच्या पाठीचे माप ते ओले गोणपाट दाबून घेत. माणसाच्या पाठीचे माप त्यांनी कधी घेतले नव्हते. ते सयाजीला कुंभारवाड्यात घेऊन गेले आणि मळलेल्या चिखलाच्या ढिगात बसवले. समोर टोपली धरून ती चाक समजायला सांगितली, गुडघे किती वाकतात ते पाहिले, डोळे मिटून हात सैल सोडायला लावले. कुंभारवाडा गोळा झाला. सयाजी चिखलातून उठेना, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "राव, असाच भट्टीत घाला, पक्का व्हईल." सयाजी म्हणाला, "घाला, पन आदी आईला इचारून या." बदरुद्दीन मान खाली घालून हसत होते. त्या चिखलातल्या खळग्यावरून त्यांनी बैठक बेतली. पाठ उंच, दोन्ही कुशींना आणि मांड्यांना उभ्या कडा, आत काथ्या आणि घोड्याचे केस ठासून भरलेले, वर म्हशीचे चामडे.

बैठक जीपमध्ये पक्की करायचे काम हौशीरामचे. तो यात काटेकोर होता. जीपची पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या खालीच असते. ती त्याने आधी मागे हलवली. मग लोखंडी अँगलची चौकट करून गाडीच्या मुख्य सांगाड्याला जोडली आणि बैठक त्या चौकटीवर बसवली. बोल्ट नुसत्या पत्र्यातून घातले तर हिसक्यासरशी पत्रा फाडून वर येतात, म्हणून प्रत्येक बोल्टाखाली खालच्या अंगाने जाड, रुंद लोखंडी पट्टी घातली. मग दोघातिघांना बोलावून बैठक हलवून पाहायला लावली. आख्खी जीप हलली, बैठक हलली नाही. सयाजीच्या डोक्यामागे त्याने जाड नळीची कमान उभी केली. गाडी उलटलीच तर भार कमानीवर यावा, माणसावर नको.

आता राहिला कमरेचा पट्टा. हौशीरामने विमानवाल्यांचे पट्टे पाहिले होते. त्याने सांगितले, दोन्ही टोके चौकटीला पक्की शिवा, मध्ये बक्कल.

बदरुद्दीननी विचारले, उलटलेल्या गाडीत बांधलेला माणूस कसा निघणार?

यावर दोघांचे बराच वेळ चालले. टांगा उलटतो तेव्हा जो उडी टाकतो तो वाचतो आणि लगामात गुंततो तो मरतो, हे बदरुद्दीन आयुष्यभर पाहत आले होते. टांगेवाल्याला ते पाय मोकळे ठेवायला सांगत. हौशीराम म्हणाला, टांग्याला कमान नसते. बदरुद्दीन म्हणाले, नळीच ती. शेवटी हौशीराम वैतागला.

"चाचा, ही घोडी न्हाई. घोडी पडलेल्याला ओढत नेती. गाडी ओढत न्हेत न्हाई, गाडी फेकती. आत ऱ्हायला तर वाचला. पट्टा पक्का शिवा, बास."

बदरुद्दीन "बरं" म्हणाले.

त्यांनी डाव्या बाजूचे टोक पक्के शिवले, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने. उजव्या बाजूचे शिवताना त्यांनी साधा सुती दोरा घेतला, मोजका पीळ दिला, आणि वरून चामड्याचा झाप दुमडून तो टाका झाकला. सयाजीला सांगितले नाही, हौशीरामलाही नाही. रहिमाबी शेजारी डाळ निवडत होती. तिने दोरा ओळखला. तिला वाटले, यांनी पोराची काळजी घेतली. त्यांनाही तेच वाटत होते.

हौशीरामने पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, पाय टेकवून ओढून पाहिला. तो टिकला. टिकणारच होता.

शर्यतीला बदरुद्दीन गेले नाहीत. धोंडाबाई तर शेतातून हलल्याच नाहीत. घडले ते हौशीरामने पाहिले. सयाजी पुढे होता. पिंपाच्या वळणावर मागच्या मोटारीचा धक्का लागला, जीप आडवी झाली, एकदा उलटली आणि पुन्हा चाकांवर येऊन उभी राहिली. उलटतानाच सयाजी बाहेर फेकला गेला होता. तो पाठीवर, पिंपाच्या काठावर पडला.

पुण्याच्या दवाखान्यात तो कितीतरी महिने होता. जीव वाचला, पण कमरेखाली काही राहिले नाही.

जीप ओढून नारायणगावला आणल्याचे कळले तसे बदरुद्दीन एसटीने तिकडे गेले. गॅरेजच्या मागे ती उभी होती. दिवे फुटलेले, एक बाजू चेपलेली. कमान वरच्या अंगाला खरवडली होती, पण सरळ होती. स्टिअरिंगचे चाकही सरळ होते. बैठक चौकटीवर जशीच्या तशी. एक बोल्ट ढिला नाही. बदरुद्दीन चढून तिच्यात बसले. खळगा त्यांच्या मापाचा नव्हता, तरी त्यांनी पाठ टेकली, दोन्ही हात चाकावर ठेवले. गुडघ्यांना कुठे काही लागत नव्हते. डोक्यावर कमान होती, आणि डोके व कमान यांच्यात हाताचा पंजा मावेल एवढी जागा होती. इथे बसलेल्या माणसाला काहीही झाले नसते. पट्ट्याचे डावे टोक जागेवर होते. उजवे मोकळे लोंबत होते.

हौशीराम येऊन शेजारी उभा राहिला. त्याने ते मोकळे टोक उचलले, झाप उघडून पाहिला, शिवणीची भोके अंगठ्याने चाचपली.

"चामडं शाबूत हाय," तो म्हणाला.

"व्हय," बदरुद्दीन म्हणाले.

याउपर दोघांत कधीच बोलणे झाले नाही. हौशीरामने गावात काही सांगितले नाही. पण जुन्नरला आला तरी त्या कोपऱ्यावरून तो वळत नसे. ती जीप त्याने मोडीत काढली.

गावाने मात्र आपल्या परीने अर्थ लावला. गाडी उलटली, पट्टा सुटला, पोरगा बाहेर पडला आणि वाचला. घाटातली रिकीब सगळ्यांना आठवत होती. ज्या हाताने एकदा वाचवले त्याच हाताने पुन्हा वाचवले, असे बोरीपासून ओतूरपर्यंत लोक बोलू लागले. घोडीस्वार लांबून खोगिरे शिवून घ्यायला येऊ लागले. एका टांगेवाल्याने तर घोड्याच्या तंगाला, पोटाखालच्या पट्ट्यालाही, तोच टाका घाला म्हणून हट्ट धरला. तेव्हा, कधी आवाज न चढवणारे बदरुद्दीन त्याच्यावर ओरडले, हे मी शाळेतून येताना ऐकले. मला त्याचे नवल वाटले होते.

सयाजीला घरी आणले त्याच आठवड्यात धोंडाबाई आल्या. ओट्याखाली चपला काढून उभ्या राहिल्या. डोईवर बाजरीचे गाठोडे. मी तेव्हा तिथे होतो. त्या म्हणाल्या, "बदरूभाऊ, तुमच्या टाक्यानं माझं लेकरू दोनदा दिलं. पाय गेलं तर गेलं. घरात त्याचा आवाज येतोय, मला तेवढं पुरं." बदरुद्दीन उठून उभे राहिले. हातातला पट्टा ते उगाच गुंडाळत राहिले. रहिमाबीने पुढे होऊन गाठोडे उतरवून घेतले. मी मनात म्हटले, किती संकोची माणूस हा.

ते बोरीला सयाजीला पाहायला गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करत पाऊसकाळ गेला. कामातही फरक पडला. खोगीर हातात घेतले की रिकिबीच्या जागेशी येऊन थांबत. तो टाका घोड्यावर बरोबरच होता, हे त्यांना कळत होते. घालायचे, मग उसवायचे, पुन्हा घालायचे. एकेक खोगीर हप्ता हप्ता मांडीवर पडून राही. गिऱ्हाइके कंटाळून जाऊ लागली.

मग सयाजीनेच बोलावणे धाडले. त्याला बैलगाडीतून शेतावर जायचे होते. गाडीत नुसता ठेवला की तो कलंडे. कमरेला आधार नाही. निरोप होता की चाचांनी येऊन गाडीत बैठक बसवावी, दुसऱ्या कोणाच्या हातची नको.

बदरुद्दीन नवी शिवलेली बैठक आणि सामान घेऊन गेले. सयाजी अंगणात खाटेवर होता. खांदे तेवढे पूर्वीचे, खाली सगळे वाळलेले. धोंडाबाईंनी चहा दिला आणि त्या जनावरांना पाणी दाखवायला विहिरीकडे गेल्या. बदरुद्दीननी गाडीच्या साटीवर, तिच्या लाकडी तळावर, आडवी फळी टाकली, तिच्यावर बैठक ठेवली, खिळे न मारता बोल्ट घातले आणि साटीच्या खालून लोखंडी पट्ट्या दिल्या, हौशीरामने दिल्या होत्या तशा. मग पट्टा शिवायला बसले. दोन्ही टोकांना मेणाचा दुहेरी दोरा. सयाजी खाटेवरून पाहत होता. शिवता शिवता, मान वर न करता, त्यांनी त्याला सांगितले. हौशीराम काय म्हणाला होता, आपण "बरं" म्हणून काय केले, आणि गॅरेजमागे काय पाहिले. बापाचे नाव त्यांनी काढले नाही. ते काढले असते तर निमित्त सांगितल्यासारखे झाले असते, असे त्यांना वाटले असावे.

सयाजीने खाटेची कड धरून स्वतःला जरा वर ओढले.

"मला ठावं हाय, चाचा," तो म्हणाला. "दवाखान्यात पडून दुसरं काय केलं? पट्टा सुटला तवा वढ बी लागली न्हाई मला. तुमचा टाका म्या एकदा अनुभवलाय. वळखला."

बदरुद्दीनचे हात थांबले.

"लई राग व्हता. वाटायचं, चालता यावं, न् जाऊन तुमचा वटा उधळावा. मग तुमी आलाच न्हाई. त्याचा राग आनिक येगळा."

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"आता आला तसंच."

विहिरीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज जवळ येऊ लागला. बदरुद्दीन म्हणाले की तुझ्या आईला सांगतो आणि मोकळा होतो. तेव्हा सयाजीने त्यांचे मनगट धरले. त्याच्या हातांत तेवढे बळ होते.

"आईला न्हाई. तिचं एकच हाय आता, की देवानं आन् तुमी मला तिच्या पदरात घातलं. ते काढून घेतलं तर तिच्यापाशी नुसतं माजं हे धड ऱ्हातंय. मोकळं व्हायचं आसंल तर माज्यापाशी झाला. तिनं जे आनून दिलं ते मुकाट्यानं खायचं. तुमाला तेवढं करावं लागंल, चाचा."

धोंडाबाई अंगणात आल्या. शेजाऱ्यांनी मुलाला उचलून गाडीत बसवले, आणि तो ताठ बसलेला पाहून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि बदरुद्दीनना जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. ते जेवले.

यापुढची वर्षे मी पाहिली, पण तेव्हा मला त्यांचा अर्थ लागला नाही. हुरडा निघाला की धोंडाबाईंचा हुरडा येई. नवी बाजरी, भुईमुगाच्या शेंगा, गाय व्याली की खरवस. ईदेला त्या स्वतः दूध घेऊन येत. बदरुद्दीन ते सगळे खात. एक शेंगही दुसऱ्याला देत नसत. रहिमाबी कौतुकाने म्हणायची की बोरीहून काही आले की यांना वाटून घ्यायचे सुचत नाही. चावायला मात्र त्यांना फार वेळ लागे. आणि ते वाळत चालले होते.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. खोगिरांचे काम आधीच बंद झाले होते. टांगेही कमी झाले होते. मी भेटायला गेलो तेव्हा सयाजीची बैलगाडी दारात उभी होती. तो पट्ट्याने बांधलेला, गाडीतच बसून होता. आत न्यायला चार माणसे लागली असती. मी रामराम केला, त्याने मान हलवली.

आत धोंडाबाई उशाशी बसल्या होत्या. यापूर्वी कधी त्या ओटा चढून आत आल्या नव्हत्या. गव्हाच्या सत्त्वाची पेज त्यांनी घरून करून आणली होती. बदरुद्दीनच्या घशाखाली दोन दिवस पाणीही उतरत नव्हते आणि रहिमाबी त्यांना तसे सांगत होती. धोंडाबाई ऐकेनात. "माज्या हातची घेत्याल," म्हणाल्या, आणि चमचा पुढे केला. "घ्या बदरूभाऊ. ज्यानं माझं पोर वाचवलं त्याला मी उपाशी जाऊ देईन व्हय?"

बदरुद्दीननी डोळे उघडून दाराकडे पाहिले. दारातून गाडीचे चाक आणि सयाजीचा खांदा दिसत होता. मग त्यांनी तोंड उघडले. पेज आत गेली, थोडी ओठांच्या कडेने बाहेर आली, धोंडाबाईंनी ती पदराने टिपली. गिळायला त्यांना फार कष्ट पडले. गिळून झाल्यावर त्यांनी पुन्हा तोंड उघडले.